रविवारचं सरबत

द्राक्षांच्या हातगाड्या आल्या की मी कॉलेजला जायचा रस्ता बदलते. नांदेडात त्या फेब्रुवारी सरता सरता येतात. आनंदनगरच्या चौकापासून पुढं ओळीनं उभ्या राहतात. एका बाजूला हिरवी द्राक्षं, दुसऱ्या बाजूला काळी, वर पाण्याचा हबका मारलेला. दुपारपर्यंत गाडीच्या कडेला फुटक्या मण्यांचा ढीग साठतो आणि त्यावर चिलटं जमतात. उन्हानं तो रस तापतो, आंबतो. स्कूटीवरून जाताना त्या वासाचा एक झोत नाकात शिरला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. खावंसं वाटल्यावर सुटतं तसं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

स्टाफरूममध्ये या दिवसांत कुणी ना कुणी डबा उघडून पुढं करतं. धुतलेली, बिनबियांची, थंड द्राक्षं. मी ॲसिडिटीचं सांगते. सगळ्यांना ते खरं वाटतं. माझं सांगणं लोकांना चटकन खरं वाटतं, हे मला चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कळलं. त्याच्याआधी ते मी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

माझं माहेर लातूरचं. आम्ही लिंगायत, वडिलांचं कापडाचं दुकान. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय वडील पाण्याचा घोटही घेत नसत. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. पिणाऱ्या माणसाबद्दल आई म्हणायची, ‘तो घाण घेतो.’ पुढं कुणी काही विचारत नसे. शेजारच्या गल्लीत एक जण घाण घेऊन दुकानाच्या पायरीवर पडलेला असायचा आणि आम्ही बहिणी नाकाला ओढणी लावून पलीकडच्या कडेनं शाळेत जायचो. त्याचा चेहरा मी कधी नीट पाहिला नाही. शिसारी येणं म्हणजे आपण चांगल्या घरचे असणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असावं.

लग्न होऊन नांदेडला आले, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवू लागले. हे सरकारी खात्यात इंजिनिअर. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. तिच्या खोलीत मी दिवसातून दोनदा उगाच जाऊन यायची. त्याच हिवाळ्यात ह्यांचा एक मित्र नाशिकहून आला आणि जाताना वाइनच्या सहा बाटल्यांचं खोकं ठेवून गेला. लाल, पांढरी, गुलाबी, बुडबुड्यांची आणि दोन गोड पोर्ट. ह्यांना तिचं फारसं अप्रूप नव्हतं. ते खोकं तसंच कपाटावर पडून राहिलं असतं.

पण आमच्या कॉलनीत अपर्णा राहायला आली होती. बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेली, माझ्याच वयाची, नवरा तिकडंच. तिनं ते खोकं पाहिलं आणि मला वेड्यात काढलं. वाइन म्हणजे काही दारू नव्हे, ती हृदयाला चांगली असते, पुण्यात बायका जेवणाबरोबर घेतात, असं तिनं मला समजावलं. मी समजून घेतलं. आता वाटतं, मला समजावून घ्यायचंच होतं. घाण हा शब्द मराठी होता. ही गोष्ट वेगळ्या भाषेतली होती, पातळ काचेच्या पेल्यातली होती, आणि तिचा रंग सुंदर होता.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. कुठलीही गोष्ट शिकायची तर वहीत लिहून शिकायची, ही माझी सवय. एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी कृती उतरवल्या. पांढऱ्या वाइनमध्ये काकडीच्या चकत्या, पुदिना आणि वरून थंड सोडा. गुलाबी वाइनमध्ये टरबुजाचा गाळलेला रस. बुडबुड्यांच्या वाइनमध्ये डाळिंबाचे दाणे सोडले की ते खाली-वर नाचतात. पोर्ट अती गोड, म्हणून तिच्यात आलं-लिंबू. आणि सगळ्यांत लाडकी ती लाल. संत्री, सफरचंद, काळी द्राक्षं चिरायची, दालचिनीचा तुकडा टाकायचा, फळं आधी ब्रँडीत भिजवायची, मग वर अख्खी बाटली ओतून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी त्या काचेच्या बरणीकडं बघत राहावंसं वाटे.

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही चौघी जमायचो. अपर्णा, कॉलनीतल्या आणखी दोघी आणि मी. पडदे ओढलेले, कूलर चालू, बाहेर मार्चचं ऊन. ‘काय हात आहे गं तुझा,’ असं कुणी म्हणालं की मला आतून गोड वाटायचं. वीस वर्षं भाकरी थापली, वरणाला फोडणी दिली, तेव्हा माझ्या हाताचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. आम्ही पेल्यांचे फोटो काढायचो. जिभा जांभळ्या व्हायच्या आणि त्यावरून आम्ही एकमेकींना हसायचो.

आज त्या दुपारी आठवल्या तर रंग आठवत नाही. ओट्यावरचा चिकटपणा आठवतो. हात ठेवला की तळवा चिकटायचा आणि सुटताना बारीक आवाज यायचा. कितीही पुसलं तरी सिंकच्या जाळीत चिलटं. पेल्यांच्या कडांना लिपस्टिकचे डाग, तळाशी चघळून टाकलेली संत्र्याची सालं. आणि बाटल्या. भरलेल्या, खोकं संपल्यावर अपर्णानं आणलेल्या, मुलीच्या कपाटात तिच्या शाळेच्या स्वेटरांमागं लपवलेल्या. रिकाम्या हे गाडीच्या डिकीत घालून गावाबाहेर कुठंतरी टाकून यायचे, जुन्या चादरीत गुंडाळून, वाजू नयेत म्हणून. ज्यात काही वावगं नाही असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, ती गोष्ट आम्ही मेलेल्या जनावरासारखी नेऊन टाकत होतो.

कमल आमच्याकडं सकाळी पोळ्या-भाकरीला यायची आणि रविवारी दुपारी थोडी जास्तीची मदत करायची. भोकरकडच्या खेड्यातली, चाळिशीची, काटक बाई. बोलायला लागली की हात थांबायचे नाहीत. भाकरी थापता थापता तिनं मला तिचं सगळं आयुष्य सांगितलं होतं. तिचा नवरा दिगंबर आधी शिंदी प्यायचा, मग देशी. तिची जोडवी गेली, पोरीची सायकल गेली. एकदा तो दोन दिवस सापडला नाही आणि सापडला तेव्हा नाल्याच्या कडेला, अंगावर मुंग्या. मग एक दिवस तो आपणहून माहूरला गेला, देवीपुढं हात ठेवून सोडून आला. वर्षभर त्याचे हात कापायचे, पेला धरता यायचा नाही. नंतर आमच्याच कॉलनीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली त्यानं इस्त्रीचा गाडा लावला. सगळी कॉलनी त्याच्याकडं कपडे द्यायची. ह्यांच्या पँटची घडी तो अशी बसवायचा की ती आठवडाभर मोडत नसे. मी स्कूटीवरून निघाले की तो मान लववायचा.

‘चार वर्सं झाली मॅडम,’ कमल सांगायची. ‘अजून त्याच रस्त्यानं जात न्हाई. दुकान हाय ना तिकडं. लांबून फिरून येतो.’

हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तिला खरं सांगितलं नाही. पहिल्याच रविवारी तिनं बरणी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, ‘मॅडम, आंबूस वास येऊन राहिला. खराब झालं वाटतं.’ मी म्हणाले, ‘द्राक्षाचं सरबत आहे. द्राक्षाचा रस थोडा आंबतोच.’ मी कॉलेजात शिकवते, पुस्तकं वाचते, म्हणजे माझं बरोबर असणार. तिनं मान हलवली आणि संत्री सोलायला बसली. त्यानंतर दर रविवारी सरबताची फळं तीच चिरायची. चांगली चिरायची, एकसारखी.

ती दुपार एप्रिलच्या सुरुवातीची होती. आमचं झालं होतं. बरणीतला रस संपला होता आणि खाली फळं उरली होती, बरीच, रसरशीत, गडद लाल. चौघी अजून बसलेल्याच होतो. कमल आतून आली, बरणी उचलून तिनं आत पाहिलं. फळं टाकून देणं तिच्या जिवावर यायचं.

‘मॅडम, ही टाकून द्याची का? लई हायत. घरी नेऊ?’

मी तोंड उघडलं होतं. हे मला स्पष्ट आठवतं. ‘नको’ हा शब्द ओठांवर होता. पण ‘नको’च्या मागून ‘का’ आला असता, आणि त्या ‘का’ला मला तिघींसमोर उत्तर द्यावं लागलं असतं. अपर्णा माझ्याकडं बघत होती, डोळ्यांत हसू आवरून. मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. एवढा वेळच नव्हता. मी म्हणाले, ‘ने ना.’

कमलनं फळं तिच्या स्टीलच्या डब्यात काढली, एकही फोड खाली न सांडता. दार लागलं. अपर्णा म्हणाली, ‘आज त्यांच्याकडं पण पार्टी.’ आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

त्या हसण्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बाकीच्यांना दिगंबरचं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तो माणूस एक दुकान टाळण्यासाठी उन्हातान्हात लांबचा वळसा घेतो, हे मला ठाऊक होतं. फळ ज्यात मुरतं ते आत शोषून घेतं, हे तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलेलं. ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि माझं तोंड हसत होतं. अजूनही एखादीला मोठ्यानं, तोंड उघडून हसताना पाहिलं की मी नजर दुसरीकडं वळवते. तिची जीभ दिसू नये असं वाटतं.

चार दिवसांनी इस्त्रीचा गाडा बंद दिसला. मग उघडला, मग परत बंद. ह्यांचा निळा शर्ट आला तो पाठीवर इस्त्रीचा त्रिकोणी डाग घेऊन, कडेला कापड जळून पिवळं पडलेलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या वकिलांचा कोट जळाला तेव्हा कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश फिरला की दिगंबर पुन्हा प्यायला लागला आहे, कपडे देऊ नयेत. त्याखाली नाक मुरडलेल्या चेहऱ्यांची चित्रं होती. त्यातलं एक अपर्णाचं.

कमल येत होती. काही सांगत नव्हती. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, निघून जायची. तिचं बोलणं बंद झालं तेव्हा मला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मी मुद्दाम त्या वेळी आंघोळीला जायला लागले.

एका सकाळी तिनं मला गाठलंच. परातीत पीठ तसंच ठेवून, पिठाच्या हातांनी दारात उभी राहिली.

‘मॅडम, एक विचारू? त्या रविवारी फळं नेली ना मी. माझा उपास व्हता. पोरीनं एक फोड तोंडात घातली, थुकून टाकली. बाकीची त्यानं खाल्ली. आता म्हनून राहिला, त्या फळात व्हती. पहिल्या फोडीलाच कळलं म्हनतो, अन् मग हात थांबला न्हाई म्हनतो. डब्यातलं पानी सुदिक प्यालो म्हनतो. खरं हाय का, मॅडम?’

हे माझ्याकडं चालून आलेलं होतं. तिनं प्रश्न विचारला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. एक ‘हो’ पुरला असता.

मी म्हणाले, ‘नाही गं. सरबतच होतं.’

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं ती रडणार. पण तिला बरं वाटलं होतं. ‘मीबी त्येच म्हनले त्याला,’ ती म्हणाली. ‘मॅडमच्या घरी असलं येत न्हाई म्हनले. सोताचं पाप दुसऱ्याच्या डब्यात टाकू नको म्हनले. दोन दिवस जेवाया वाढलं न्हाई मी त्याला.’ मग ती परातीकडं गेली आणि उरलेलं पीठ मळायला लागली. त्या दिवशी तिनं केलेली भाकरी मी ताटात घेतली आणि एक घास तोंडात तसाच धरून बसले. तो खाली उतरेना. शेवटी मोरीत जाऊन थुंकला.

ह्यांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘अगं, जुना दारुडा तो. तुझ्या चार फोडींनी काय होतंय? आज ना उद्या पिणारच होता.’ त्यांनी हे मायेनं सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. आणि ती ऊब मला हवीशी वाटली. आठ-दहा दिवस मी ती पांघरून फिरले. तो पिणारच होता. मी कोण त्याला पाजणारी? माणसाची इच्छाशक्ती हवी. असं स्वतःशी बोलत मी वर्गात जायची, वर्गातून यायची. आता ती वाक्यं आठवली की अंगावर पाल पडावी तसं होतं. किळस मला त्या फळांचीही येते, पण त्या समाधानाची जास्त येते.

रविवार मी बंद केले. कपाटातल्या उरलेल्या दोन बाटल्या भर सकाळी सिंकमध्ये रिकाम्या केल्या. लाल रस जाळीतून गरगरत खाली गेला आणि घरभर तो वास भरला. स्वेटरांनासुद्धा लागला होता. धुतले, वाळवले, परत धुतले. मुलगी सुटीला आली तेव्हा एक स्वेटर नाकाशी नेऊन म्हणाली, ह्याला कसला वास येतोय. मी म्हणाले, डांबरगोळ्यांचा. बघा, किती सहज जमतं.

त्याच महिन्यात अकरावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वरच्या मजल्यावरची आमची प्रयोगशाळा, पंखे गरम हवा फिरवत असलेले, मुलांच्या कपाळावर घाम. मनुके पाण्यात टाकून ते फुगतात हे दाखवायचा साधा प्रयोग. एक मुलगी, हदगावकडची, अगदी हळू आवाजाची. तिनं चिमट्यानं एक फुगलेला मनुका उचलून माझ्यापुढं धरला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, काय झालं सांग. ती म्हणाली, ‘बाहेरचं आत शिरलं, मॅडम. आता पुसून काढलं तरी निघणार नाही.’ पुस्तकात हे दुसरं वाक्य नाही. तिनं ते आपलं आपण घातलं होतं. शेजारच्या सरांना टेबल सांभाळायला सांगून बाहेर आले आणि जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. तिथं मी ठरवलं.

पण ठरवून कमलकडं नाही गेले. आधी दिगंबरकडं गेले. माझ्या भित्रेपणानं निवडलेली ती सोपी वाट होती. दिगंबरला तर माहीतच होतं, त्याला सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं. दुपारचा एक वाजला होता. गाडा बंद, त्यावर फाटकी चादर टाकलेली, आणि तो कडुनिंबाच्या बुंध्याशी उकिडवा बसलेला. दाढी वाढलेली. जवळ गेले तसा वास आला आणि माझं अंग आपोआप मागं झालं. लहानपणी लातूरच्या गल्लीत व्हायचं तसंच. त्यानं ते पाहिलं. तो उठून उभा राहिला, दोन पावलं मागं सरकला, मला वास येऊ नये म्हणून. त्याच्या त्या मागं सरकण्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

मी सांगितलं. फळांत दारू होती, मला माहीत होतं, मी बोलले नाही.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, ‘मला कशाला सांगून राहिले, मॅडम. मी खाल्ली न्हाई का? मला ठाव हाय.’ मग म्हणाला, ‘ती मला खोटा म्हनती. पिल्याचं कायी न्हाई. पेताड हाव, म्हनू द्या. पन चार वर्सात मी तिच्याशी खोटं बोललो न्हवतो. तिला सांगा.’

तरोड्याच्या पुढं त्यांची वस्ती आहे. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, दारात तुळस आणि पाण्याचे ड्रम. मी संध्याकाळी पाचला गेले. मला दारात बघून कमलला आश्चर्य वाटलं, ती घाईनं पदर खोचत सतरंजी अंथरायला लागली. मी म्हणाले, बसत नाही. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरबत नव्हतं. वाइन होती, ब्रँडीपण होती. तू फळं नेलीस तेव्हा मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोलले.

तिच्या हातात सतरंजीचं टोक तसंच राहिलं. मला वाटलं ती ओरडेल, मारेलसुद्धा, आणि ते बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘थांबा.’ आतल्या खोलीत गेली आणि दिगंबरला बाहेर घेऊन आली. तो झोपेतून उठलेला, बनियनवर. तिनं त्याला माझ्यासमोर उभं केलं. त्यांची मुलगी पुस्तक मिटून दारात आली.

‘आता म्हना,’ कमल म्हणाली. ‘ह्याच्यापुढं म्हना.’

मी पुन्हा म्हणाले. पहिल्यांदा भराभर बोलले होते, आता शब्द एकेक करून बाहेर पडत होते. दिगंबर माझ्याकडं पाहतच नव्हता, कमलकडं बघत होता. माझं संपलं. कमल त्याच्याकडं वळली. ‘मी तुला खोटं म्हनले,’ ती म्हणाली. ‘जेवाया वाढलं न्हाई. चुकले.’ दिगंबरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. मुलगी येऊन त्याच्याजवळ बसली. मी तिथं उभी होते आणि त्या खोलीत माझी काही जागा नव्हती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. कमलनं माझंच काम सोडलं असं नाही, तिनं कॉलनीतली सगळीच घरं सोडली. दिगंबरचा गाडा एका सकाळी नव्हताच. कडुनिंबाखाली आता नारळपाणीवाला बसतो. अपर्णाची परत बदली झाली. मला कुणीतरी सांगितलं की दिगंबर पावसाळाभर पीतच होता, दिवाळीच्या सुमाराला त्यानं पुन्हा सोडली. आता तो नांदेडातच श्रीनगर भागात कुठं गाडा लावतो. कसं सोडलं, कोणी सांभाळलं, मला माहीत नाही. त्यात माझं काही नाही, एवढं मात्र नक्की माहीत आहे. मी सांगितलं म्हणून त्यानं सोडली, असं मनाशी म्हणायचा मोह मला होतो. तो मोह आला की मी तोंड धुऊन येते.

मी सगळं सांगितलं त्या संध्याकाळी कमल मला वस्तीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणत होते, पण आली. कोपऱ्यावर हापशाजवळ थांबली. मी तिला म्हणाले की काही लागलं, डॉक्टर, औषध, पोरीची फी, काहीही, तर मी येत जाईन. तिनं ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या लेकराला समजावावं तसं तिनं माझ्या कोपराला हात लावला.

‘परत येऊ नका, मॅडम,’ ती म्हणाली. ‘मी काय मनात धरलं न्हाई. पन तुम्हाला बघितलं की त्याला त्येच आठवंल.’

मी गाडी चालू करेपर्यंत ती तिथंच उभी होती, मी खरंच जाते आहे की नाही ते बघत.